मॉड्युलो, हापूसची पेटी आणि सुकतीची वेळ

प्रश्न थोडक्यात असा: "मी रत्नागिरीत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. % (मॉड्युलो) म्हणजे भागाकाराची बाकी, एवढं पाठ आहे. पण ३ % ५ चं उत्तर ३ कसं येतं ते कळत नाही, मला ते ० किंवा ०.६ वाटतं. कॉलेजात सी भाषेत -१ % ७ केलं तर -१ आलं, घरी पायथॉनमध्ये तेच केलं तर ६. यातलं बरोबर कोणतं? आणि सम-विषम ओळखण्याशिवाय हा ऑपरेटर खरोखर कुठे लागतो?"

तुझे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी पंचवीसेक वर्षं प्रोग्रॅमिंगवर पोट भरतोय, त्यातली अलीकडची देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी बसून. त्यात तुझ्या दुसऱ्या प्रश्नाने माझीही एकदा चांगली फजिती केली आहे. ती पुढे सांगतो. आधी पेटी भरू.

समज, काल बागेतून ४३७ आंबे उतरवले. पाच डझनाची पेटी, म्हणजे पेटीत ६० फळं. सात पेट्या भरल्या, ४२० आंबे गेले, १७ सुटे राहिले. प्रोग्रॅमच्या भाषेत ४३७ / ६० म्हणजे ७ (सी मध्ये, दोन्ही पूर्णांक असतील तेव्हा; पायथॉनमध्ये त्यासाठी / ऐवजी // लिहायचं) आणि ४३७ % ६० म्हणजे १७. एक ऑपरेटर भरलेल्या पेट्या सांगतो, दुसरा सुटे आंबे. दोन्ही जोडीने चालतात आणि त्यांना बांधणारा नियम एकच: पेट्या गुणिले पेटीचा आकार, अधिक सुटे, बरोबर मूळ आंबे. ७ × ६० + १७ = ४३७. हा नियम नीट लक्षात ठेव, कारण सी आणि पायथॉनचं भांडण त्याच्याच आधाराने सोडवायचं आहे.

आता ३ % ५. पाच आंब्यांची पेटी आहे, हातात तीन आंबे. किती पेट्या भरल्या? एकही नाही. सुटे किती? तिन्ही. म्हणून ३. तुला ०.६ वाटलं कारण तू मनातल्या मनात आंबा चिरून पेटी भरत होतीस. तो साधा भागाकार झाला. % आंबा चिरत नाही. आणि ० वाटलं ते पेट्यांचं उत्तर होतं, सुट्यांचं नव्हे. नवीन मुलांपैकी निम्मी इथेच अडतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. सुट्या १७ आंब्यांसाठीही एक पेटी लागणारच असेल, तर एकूण पेट्या किती? इथे % वापरून बाकी शून्य आहे का ते बघणारी अट बरेच जण लिहितात. ती चालते, पण (४३७ + ५९) / ६० असं थेट लिहिलं की ८ मिळतात. पेटीच्या आकाराहून एक कमी मिळवायचं आणि भागायचं. पानांची संख्या काढताना, फोटो गटागटाने अपलोड करताना हे रोज लागतं.

पेटीवरून आणखी एक गोष्ट दिसते. ६० च्या पेटीत सुटे आंबे ० ते ५९ इतकेच असू शकतात. साठावा आला की पेटी बंद, सुटे पुन्हा शून्य. आंबे एकेक करून मोजत गेलीस तर सुट्यांचा आकडा ०, १, २ करत ५९ पर्यंत जाईल आणि परत ० वर येईल. आता पेटी विसर आणि फक्त हे गोल फिरणं बघ. माझ्या मते % शिकवताना शिक्षकांनी बाकीपाशी थांबू नये. व्यवहारात आपण त्याला नव्वद वेळा विचारतो ते एवढंच: फेरी इतक्या घरांची आहे, मी एकूण इतकी पावलं चाललो, तर आत्ता कुठल्या घरात उभा आहे?

रात्री १० वाजता सुटलेली एसटी ९ तासांनी कधी पोचेल? (२२ + ९) % २४, म्हणजे ३१ % २४, म्हणजे सकाळी ७. रविवार ० धरून आज बुधवार, म्हणजे ३. शंभर दिवसांनी कोणता वार? (३ + १००) % ७ = ५, शुक्रवार. आमच्या वाडीत भजनाची पाळी सात घरांत फिरते. कितव्या आठवड्याला कोणाचं घर, याचं उत्तरही तेच % ७. लीप वर्षाचा नियमही % चाच: ४ ने बाकी शून्य हवी, पण १०० नेही शून्य येत असेल तर ४०० नेही यायला हवी. म्हणून २००० लीप होतं आणि १९०० नव्हतं.

वरच्या उदाहरणांतले कंस मी हौसेने दिलेले नाहीत. % ची पायरी गुणाकार-भागाकाराच्या बरोबरीची आहे, बेरजेच्या वरची. ३ + १०० % ७ असं कंसाविना लिहिलंस तर आधी १०० % ७ होईल, म्हणजे २, आणि उत्तर ५ येईल. योगायोगाने बरोबर! आता उद्याचा वार काढ: आज शनिवार, ६. "६ + १ % ७" म्हणजे ६ + १, उत्तर ७. सातव्या क्रमांकाचा वार नाहीच. ही चूक मी इतक्यांच्या कोडमध्ये पाहिली आहे की आता नजर आपोआप कंस शोधते. सहा दिवस प्रोग्रॅम नीट चालतो आणि शनिवारी कोसळतो. नेमकी त्या दिवशी साहेबांना सुट्टी.

आता मोजणी शून्यापासून की एकापासून, हा विषय. पुस्तकं तो एका ओळीत उरकतात, पण प्रत्यक्षात माणसं इथे सर्वांत जास्त ठेचकाळतात, म्हणून जरा थांबू.

% ची फेरी नेहमी शून्यापासून सुरू होते. माणसाची बहुधा एकापासून. तिथी घे. चांद्र महिन्यात ३० तिथी, पंधरा शुक्लपक्षाच्या, पंधरा कृष्णपक्षाच्या. महिन्याची कितवी तिथी हे १ ते ३० मध्ये आहे आणि पक्षातली तिथी हवी आहे. भोळेपणाने तिथी % १५ केलं की चौदाव्यापर्यंत सगळं छान. पंधरावी, म्हणजे पौर्णिमा, आली की उत्तर ०. सोळाव्याला १, ती कृष्ण प्रतिपदा, बरोबर. तिसाव्याला, अमावास्येला, पुन्हा ०. तिथींच्या नावांची यादी एकापासून भरलेली असेल तर महिन्यातून दोनदा, तेही नेमक्या महत्त्वाच्या दिवशी, नावाच्या जागी रिकामं दिसेल. उपाय असा: आधी एक वजा करून शून्याच्या जगात जा, फेरी मार, मग एक मिळवून माणसांत परत ये. ((तिथी - १) % १५) + १. पंधराव्याला १४ % १५ = १४, अधिक १, पंधरा. सोळाव्याला १५ % १५ = ०, अधिक १, एक.

जुन्या पंचांगकारांना हा त्रास चांगला माहीत होता. संवत्सर काढायची रीत अशी: शालिवाहन शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तितवा संवत्सर. शक १९४७ साठी १९५९ भागिले ६०, बाकी ३९, आणि एकोणचाळिसावा विश्वावसु. बरोबर. पण बाकी शून्य आली तर? शक १९०८ ला आली होती: १९२०, बाकी शून्य. तिथे शून्य म्हणजे साठावा, क्षय, असं समजायचं. हा अपवाद आपल्याला प्रोग्रॅममध्ये नको असेल तर १२ ऐवजी ११ मिळवायचे आणि नावांची यादी शून्यापासून धरायची, म्हणजे प्रभव हा शून्यावा. मग १९०८ ला ५९ येतं आणि यादीतलं शेवटचं नाव आपसूक मिळतं. त्या १२ आणि ११ मधला एकाचा फरक म्हणजेच एकापासून मोजणं आणि शून्यापासून मोजणं यातला फरक. बाकीच्या गणिताशी आपला जुना घरोबा आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये कुट्टक सांगितला तो "अमुकने भागल्यास ही बाकी, तमुकने भागल्यास ती बाकी, तर संख्या कोणती" अशाच कोड्यांसाठी. आज वापरतो ती भाषा आणि ≡ हे चिन्ह मात्र गाऊसने १८०१ साली रूढ केलं.

तिथीचा विषय निघालाच आहे तर किनाऱ्यावरची एक रीत सांगतो. तुझ्या घरच्या मोठ्यांना ती माहीत असेल. भरती कधी, हे काढायला पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. मोबाइल नव्हता तेव्हा होड्या याच हिशेबावर सुटायच्या.

या रीतीत प्रोग्रॅमरने बघण्यासारखी एक जागा आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते असं हिशेब सांगतो, आणि नेमकी या एका रात्री ती दीड तासाने उडी मारते. समुद्र काही उडी मारत नाही. पंधरा तिथींत बारा तासांची फेरी पुरी व्हायची तर रोज ४८ मिनिटं हवीत, आणि आपण बोटांवर सोपं पडावं म्हणून ४५ धरली. रोज तीन मिनिटं कमी पडत गेली, पंधरा दिवसांत पाऊण तास तुंबला आणि फेरीच्या सांध्यावर एकदम बाहेर पडला. पाऊल आणि फेरी यांचा पूर्ण मेळ नसेल तर चूक नेहमी सांध्यावर दिसते. कोडमध्येही म्हणूनच शेवटचं घर आणि पहिलं घर यांच्यामध्ये काय होतं ते आधी तपासायचं.

आता माझी फजिती. आमची आत्या खाडीत तिसऱ्या आणि कालवं, म्हणजे शिंपले, काढायला जाते. तिच्यासाठी मी फोनवर उघडणारं एक छोटं पान बनवलं, जावास्क्रिप्टमध्ये. रोज सकाळी त्यात त्या दिवसाच्या भरतीची वेळ भरायची, आणि पान उघडलं की ते सांगणार: आत्ता भरती की सुकती. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ७४५ मिनिटं. हिशेब सरळ होता. भरतीपासून किती मिनिटं गेली ते काढ, % ७४५ कर, उत्तर ३७२ पेक्षा कमी असेल तर पाणी उतरतंय, जास्त असेल तर चढतंय. मी आठवडाभर तपासलं, एकदाही चुकलं नाही.

मग एके दिवशी सकाळी आत्याचा फोन: "अरे, तुझा यंत्र सांगता सुकती, आणि पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत इला!"

झालं असं होतं. त्या दिवशी भरती १० वाजता होती. आत्याने पान उघडलं ७ वाजता. भरतीपासून गेलेली मिनिटं: -१८०. जावास्क्रिप्टमध्ये -१८० % ७४५ चं उत्तर -१८० च येतं. ते ३७२ पेक्षा कमी आहे, म्हणून पान म्हणालं सुकती. खरं तर भरतीला तीन तास होते आणि पाणी तितकाच वेळ चढत होतं. मी काम करतो दुपारी जेवून. म्हणजे माझ्या सगळ्या चाचण्या त्या दिवसाच्या भरतीनंतरच्या, वजाबाकी नेहमी धन. ऋण आकडा मी कधी पाहिलाच नव्हता. आत्याला काही झालं नाही, ती पाण्याकडे बघून मागे फिरली. तिने पानावर विश्वास ठेवला नाही हे माझं नशीब.

इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. -१ % ७ चं बरोबर उत्तर कोणतं? वरच्या नियमात घालून बघ: पेट्या × ७ + सुटे = -१. दोन मार्ग आहेत. पेट्या ०, सुटे -१. किंवा पेट्या -१, सुटे ६. दोन्ही नियमाला धरून आहेत.

आंब्यांतच सांगतो. तुझ्याकडे काही नाही आणि शेजारणीला एक आंबा देणं आहे. सी म्हणते: पेटीला हात लावू नका, वहीत "एक आंबा देणं" असं लिहा. पायथॉन म्हणतो: सात आंब्यांची एक पेटी उधार आणून फोडा, एक आंबा देऊन टाका, हातात सहा सुटे उरतात आणि डोक्यावर एका पेटीची उधारी. हिशेब दोघांचाही चोख. फरक आहे तो भागाकार कुठल्या बाजूला कापायचा यात. -१ भागिले ७ म्हणजे -०.१४ च्या आसपास. सी ते शून्याकडे कापते, उत्तर ०. पायथॉन नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेतो, उत्तर -१. भागाकार ठरला की बाकी आपोआप ठरते. म्हणून सी मध्ये बाकीचं चिन्ह भाज्याचं असतं आणि पायथॉनमध्ये भाजकाचं.

सी चं असं का? बहुतेक प्रोसेसरचा भागाकार शून्याकडेच कापतो, भाषा त्याच्या मागून गेली. १९९९ च्या मानकापूर्वी तर ऋण संख्यांसाठी काय करायचं हे सी ने कंपायलरवरच सोडलं होतं. त्या मानकात ते पक्कं झालं, सी प्लस प्लसमध्ये २०११ साली. जावा, जावास्क्रिप्ट, सी शार्प, गो, रस्ट, पीएचपी यांचा % सी सारखाच. पायथॉन आणि रुबी दुसऱ्या गोटात, आणि एक्सेलचं मॉड फंक्शनही त्यांच्याबरोबर. डार्टचा % तर ऋण उत्तर कधी देतच नाही. एडा भाषेने शहाणपणा केला: रेम आणि मॉड असे दोन वेगळे ऑपरेटर दिले, ज्याला जे हवं ते घ्या. फोरट्रानमध्येही १९९० च्या मानकापासून मॉड आणि मॉड्युलो अशी दोन फंक्शनं आहेत.

माझं मत विचारशील तर फेरीच्या कामाला पायथॉनचं उत्तर सरस आहे. रविवारच्या आदला दिवस -१ नव्हे, ६, म्हणजे शनिवार. घड्याळात मागे जा नाहीतर पुढे, घरं तीच राहतात. सी च्या पद्धतीत शून्यापाशी आलं की आरसा लागतो आणि तिथून मागे सगळं उलटं दिसतं. पण मत काहीही असो, समोरची भाषा जे करते तेच करणार, तेव्हा सी च्या गोटातल्या भाषांत हे लिहायचं (अ म्हणजे आकडा, न म्हणजे फेरीतली घरं):

((अ % न) + न) % न

आत्याचं उदाहरण: -१८० % ७४५ = -१८०, अधिक ७४५, ५६५, पुन्हा % ७४५ केलं तरी ५६५. ३७२ पेक्षा जास्त, म्हणजे पाणी चढतंय. बरोबर. बाहेरचा % कशाला, असं वाटेल. अ धन असेल तेव्हा लागतो: १०० अधिक ७४५ म्हणजे ८४५, त्याला परत १०० वर आणायचं आहे. आणि आतला गाळला तर? -२००० अधिक ७४५ म्हणजे -१२५५, अजून ऋणच. आतला % ठेवला तर -५१०, मग २३५. म्हणून दोन्ही हवेत. हे एका छोट्या फंक्शनमध्ये घालून ठेव आणि तेच वापर. जावात २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून फ्लोअरमॉड नावाचं तयार फंक्शन आहे, रस्टमध्ये रेम-युक्लिड.

(७४५ हाही अंदाज आहे. खरा आकडा ७४५.२४ च्या जवळ, म्हणजे महिनाभर भरतीची वेळ नव्याने भरली नाही तर तेरा-चौदा मिनिटांचा घोळ होतो. शिवाय उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) यांत वेळा पुढेमागे होतात. होडी समुद्रात घालायची असेल तर छापील कोष्टकच बघावं.)

सम-विषम तू सहज म्हणून टाकलंस, पण तिथेही हाच सापळा आहे. विषम ओळखायला "अ % २ बरोबर १ का" असं सी किंवा जावात लिहिलंस तर -३ विषम ठरणार नाही, कारण तिथे उत्तर -१ येतं. "अ % २ शून्य नाही ना" असं विचार. ते दोन्ही गोटांत चालतं.

तिसरा प्रश्न, आणखी कुठे लागतो? सगळीकडे, खरं तर, पण दोन-तीनच जागा सांगतो.

हॅश टेबल म्हणजे माहिती खणांत ठेवून किल्लीवरून चटकन शोधायची रचना. त्यात प्रत्येक किल्लीचा एक मोठा आकडा बनतो आणि खण मात्र थोडे, समज १०१. कुठल्या खणात टाकायचं? आकडा % १०१. जावात हा आकडा ऋण असू शकतो. मग हुशार मंडळी आधी ऋणचिन्ह काढून टाकणारं अॅब्स फंक्शन लावतात. पण ३२ बिटांच्या पूर्णांकात सर्वांत लहान संख्या -२१४७४८३६४८ आणि सर्वांत मोठी २१४७४८३६४७, एकाने कमी. त्या सर्वांत लहान संख्येला धन जोडीदारच नाही, अॅब्स तिला तशीच ऋण परत देतं. चार अब्जांत एकदा होणारी चूक, आणि ती सापडायला आठवडा जातो. फ्लोअरमॉड वापर, विषय संपला.

यादृच्छिक आकडा काढून % १०० करणं सर्रास चालतं. खेळापुरतं ठीक. पण काही कंपायलरवर रँड फंक्शन ० ते ३२७६७ देतं, म्हणजे ३२७६८ शक्यता. १०० च्या ३२७ पेट्या भरून ६८ सुटे उरतात, आणि ते सुटे ० ते ६७ यांच्याच वाट्याला येतात. लकी ड्रॉ काढणार असशील तर अडुसष्ट किंवा त्यापुढचं तिकीट घेणाऱ्यावर थोडा अन्याय होतो.

दशांश अपूर्णांकांवर % लावूच नकोस. पायथॉनमध्ये ०.३ % ०.१ करून बघ, शून्य नाही, ०.०९९९९९९९९९९९९९९९८ येतं, कारण संगणकाकडे ०.३ आणि ०.१ नेमके नसतातच. पैशांचा हिशेब असेल तर रुपये सोडून पैशांत पूर्णांक धर आणि मग काय ते कर. आणि शून्याने % केलंस तर पायथॉन आणि जावा चूक दाखवून थांबतात, सी मध्ये काय होईल याची हमी नाही, जावास्क्रिप्ट मात्र गुपचूप "संख्या नाही" असं उत्तर देऊन पुढे जातं, जे सगळ्यांत वाईट.

शेवटी तुला लगेच करून बघता येईल असं. गणपतीत मखराला धावते दिवे लावायचे, आर्डुइनोवर (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ८ एलईडी. पाऊल % ८ म्हणजे पेटवायचा दिवा, आठव्यानंतर परत पहिला. पण दिवा टोकाला जाऊन मागे फिरायला हवा असेल तर फेरी ८ ची राहत नाही. ० ते ७ पुढे, मग ६ ते १ मागे, एकूण १४ पावलं. म = पाऊल % १४ काढ. म ७ किंवा त्याहून कमी असेल तर तोच दिवा, जास्त असेल तर १४ - म. आठव्या पावलाला ६, तेराव्याला १, चौदाव्याला पुन्हा ०. फेरी १६ ची धरलीस तर टोकाचे दिवे दोन-दोन वेळा पेटतात आणि दिवा टोकाला अडखळल्यासारखा दिसतो. बरेच जण मग वेळेशी खेळत बसतात.

आणि याच मखरात एक जुनी चूक टाळ. दर सेकंदाला दिवा बदलायचा म्हणून "मिलिसेकंद % १००० बरोबर ० असेल तर" असं लिहितात. लूप त्या नेमक्या मिलिसेकंदाला तिथे पोचेलच असं नाही. मधे काही काम निघालं की ९९९ नंतर थेट १००२ दिसतो आणि दिवा एक पाऊल चुकतो. उलट लूप जलद असेल तर त्याच मिलिसेकंदात अट चार वेळा खरी ठरते आणि दिवा चार घरं उडी मारतो. तिथे % नको. मागच्या वेळी कधी बदलला ते साठवून ठेव, आणि आत्ताची वेळ वजा ती वेळ १००० किंवा जास्त झाली की बदल. साठवणारा चल अनसाइन्ड लाँगच (ऋण नसणारा ३२ बिटांचा पूर्णांक) घे, कारण आर्डुइनोचा मिलिसेकंदांचा काटा ४२९४९६७२९६ ला, म्हणजे सुमारे ४९.७ दिवसांनी, शून्यावर येतो. तरीही अनसाइन्ड वजाबाकी बरोबरच येते, कारण ती वजाबाकी स्वतःच २ च्या ३२ व्या घाताच्या फेरीत होते, तुला % लिहावा न लागता. एकवीस दिवसांच्या गणपतीतही तो काटा एकदाही फिरणार नाही, पण मखर काढल्यावर तेच सर्किट बागेतल्या पंपाला लावशील, तेव्हा फिरेल.